लिप्यंतर, भाषांतर आणि पाच तारा

साहित्याच्या चर्चेत 'माध्यमांतर' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो आणि या प्रवासात मूळ कृतीतले काय टिकले, काय गळाले याचा ऊहापोह आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न आम्ही एका अगदी वेगळ्या, काही वाचकांना कदाचित क्षुल्लक वाटेल अशा वस्तूच्या निमित्ताने विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे घरी बनवलेला अ‍ॅडॅप्टर. एका व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर दुसऱ्याच यंत्राला जोडता यावा म्हणून कोणीतरी रात्री जागून, सोल्डरिंग करून, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला वितभर तारांचा तुकडा. त्याला साधारण चार दशकांचा इतिहास आहे. तो बनवणारे बहुतेक अनाम राहिले. त्यांनी जे प्रश्न सोडवले ते मात्र लिपी, भाषा, अनुवाद आणि पाठ यांच्या अभ्यासकांना ओळखीचे वाटावेत असे आहेत.

आरंभ १९७७ साली बाजारात आलेल्या अटारीच्या यंत्रापासून करणे सोयीचे ठरेल. पुढे 'अटारी २६००' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या यंत्राची जॉयस्टिक म्हणजे साधेपणाची परिसीमा होती. आत चिप नाही, गणित नाही. फक्त पाच बटणे, म्हणजे चार दिशांची चार आणि गोळी झाडण्याचे एक. प्रत्येक बटणाला स्वतःची एक तार, आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक तार. दांडा उजवीकडे झुकवला की उजव्या दिशेची तार सामाईक तारेला टेकते, आणि यंत्राला ते कळते. ही जॉयस्टिक नऊ पिनांच्या ज्या सॉकेटमध्ये बसे, ते सॉकेट पुढे जवळजवळ प्रमाणभूत ठरले. १९८२ चा कमोडोर ६४, १९८५ चा अमिगा आणि अटारी एसटी अशा अनेक यंत्रांनी ते स्वीकारले. कुठल्याही समितीने ठराव न करता एखादी बोली प्रमाण व्हावी, तसेच काहीसे हे घडले.

मात्र सॉकेट एक झाले म्हणून भाषा एक झाली असे नव्हे. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रालाही (जपान, १९८८) नऊ पिनाच होत्या आणि त्याचा कंट्रोलर कमोडोर ६४ मध्ये सहज बसे. परंतु अटारीच्या परंपरेत विजेचा पुरवठा सातव्या पिनेवर, तर सेगाच्या रचनेत तो पाचव्या पिनेवर. सेगाच्या कंट्रोलरमध्ये एक चिपही होती आणि सातव्या पिनेवरून येणाऱ्या संकेतानुसार ती कधी एका बटणगटाची, तर कधी दुसऱ्या बटणगटाची खबर देई. असा कंट्रोलर विचार न करता कमोडोरला जोडला, तर यंत्राच्या आतल्या चिपला इजा होण्याचा संभव असतो. देवनागरी वाचता येते म्हणून नेपाळी समजते असे मानणाऱ्याची जी गत होईल तीच इथे होते. फरक इतकाच की इथे गैरसमजाची किंमत यंत्राला मोजावी लागते.

भारतीय वाचकाला याचे अधिक जवळचे उदाहरण आठवेल. १९९० च्या दशकात मराठी घरांत सुट्टीच्या दिवसांत टीव्हीला जे 'व्हिडिओ गेम' जोडले जात, ते बहुतांशी निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला असत. मारिओ, काँट्रा, डक हंट हे शब्द आपल्याकडे याच नकलांनी रुजवले. त्यांपैकी अनेकांच्या कंट्रोलरचे (घराघरांत त्याला 'रिमोट' म्हणत) सॉकेट नऊ पिनांचे, म्हणजे दिसायला अटारीचे होते. आतून बोलली जाणारी भाषा मात्र निन्टेंडोची. वेश एका घराण्याचा आणि वाणी दुसऱ्या घराण्याची असा हा प्रकार होता. ती वाणी कोणती, हे आता पाहू.

निन्टेंडोने १९८३ च्या जुलै महिन्यात जपानमध्ये फॅमिकॉम हे यंत्र आणले. त्याचेच रूपांतर १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस म्हणून गेले. या कंट्रोलरवर आठ बटणे होती: चार दिशा, ए, बी, सिलेक्ट आणि स्टार्ट. अटारीच्या पद्धतीने प्रत्येक बटणाला एक तार द्यायची, तर सामाईक तार धरून नऊ तारा लागल्या असत्या. निन्टेंडोने पाच तारांत काम भागवले. त्यासाठी कंट्रोलरमध्ये ४०२१ या क्रमांकाची एक चिप बसवली. ही चिप खेळांसाठी जन्मलेली नव्हती. आरसीए कंपनीने १९६८ पासून विकसित केलेल्या ४००० मालिकेच्या कुळातली ती एक साधी, स्वस्त, सर्वत्र मिळणारी चिप होती. तिचे काम एवढेच, की एकाच क्षणी आठ ठिकाणची स्थिती टिपून घ्यायची आणि मग ती एकामागून एक अशी एकाच तारेवरून सांगायची.

हा संवाद कसा चालतो ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाच तारांपैकी दोन विजेच्या. तिसऱ्या तारेवरून यंत्र एक संकेत पाठवते. त्याचा अर्थ 'या क्षणाची स्थिती टिपून ठेव'. चौथ्या तारेवरून ते टिचक्या मारते आणि प्रत्येक टिचकीचा अर्थ 'पुढचे सांग'. पाचवी तार कंट्रोलरच्या उत्तरांची. उत्तरे नेहमी ठरलेल्या क्रमाने येतात: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. बटण दाबलेले असेल तर तारेवर शून्य, नसेल तर एक. उत्तरासोबत बटणाचे नाव कधीच जात नाही. अर्थ केवळ क्रमावरून ठरतो. रोलकॉलच्या वेळी गुरुजींनी नावे न घेता नुसती टेबलावर छडी आपटावी आणि मुलांनी आपापल्या पाळीला 'हजर' म्हणावे, तशी ही व्यवस्था. टीव्हीवरचे चित्र अमेरिकी-जपानी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० वेळा आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत ५० वेळा बदलते, आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक चित्रागणिक ही हजेरी घेतली जाते.

१९९० च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९१ मध्ये अमेरिकेत निन्टेंडोचे पुढचे यंत्र आले. अमेरिकेत त्याला सुपर एनईएस म्हणत. कंट्रोलरवरची बटणे बारा झाली, त्याचे कोपरे गोलाई घेऊन तळहातात नीट बसू लागले आणि सॉकेटचा आकार पूर्णपणे बदलला. जुन्या यंत्राचा कंट्रोलर नव्यात जाईना, नव्याचा जुन्यात जाईना. वरकरणी दोन्ही यंत्रांचा संबंध तुटला. पण ज्यांनी हे कंट्रोलर उघडून आत डोकावून पाहिले, त्यांच्या लक्षात आले की आतली भाषा तीच आहे. त्याच पाच तारा, तोच 'टिपून ठेव' चा संकेत, त्याच टिचक्या. फक्त हजेरी आठांऐवजी सोळांची झाली होती: बारा बटणांची आणि चार राखीव जागांची.

घरगुती अ‍ॅडॅप्टरचा सर्वांत सोपा आणि, आमच्या मते, सर्वांत सुंदर नमुना इथे जन्मतो. दोन एक्स्टेन्शन केबल घ्यायच्या, एक जुन्या यंत्राची आणि एक नव्याची. दोन्ही मधोमध कापायच्या. जुन्या यंत्रात जाणारे टोक आणि नवा कंट्रोलर ज्यात बसतो ते टोक, एवढेच ठेवायचे. दोन्हीकडे सात-सात पिना असतात, पण साध्या कंट्रोलरला त्यांतल्या पाचच लागतात. तारांचे रंग उत्पादकागणिक बदलत असल्याने रंगांवर विसंबून चालत नाही. मल्टीमीटरने प्रत्येक तार कोणत्या पिनेची आहे ते तपासून घ्यावे लागते. विजेच्या दोन तारांची अदलाबदल तेवढी कटाक्षाने टाळायची. मग पाच तारांना पाच तारा जोडल्या की काम संपले. चिप लागत नाही, प्रोग्राम लागत नाही. १९९० च्या दशकातला कंट्रोलर १९८० च्या दशकातल्या यंत्राशी बोलू लागतो.

आता क्रमाची गंमत पाहा. नव्या कंट्रोलरचा क्रम असा: बी, वाय, सिलेक्ट, स्टार्ट, चार दिशा, मग ए, एक्स, एल, आर. जुने यंत्र पहिल्या उत्तराला 'ए' समजते आणि दुसऱ्याला 'बी'. म्हणजे नव्या कंट्रोलरवरचे बी हे बटण जुन्या खेळात ए चे काम करते आणि वाय हे बी चे. अंगठ्याखाली ही दोन्ही शेजारी शेजारीच येतात. मारिओच्या जुन्या खेळात धावण्याचे आणि उडी मारण्याचे बटण ज्या नात्याने एकमेकांजवळ होते, तेच नाते नावे बदलूनही टिकले. नव्या यंत्राचा आराखडा करणाऱ्यांनी जुना हजेरीपट पहिला अर्धा भाग म्हणून तसाच ठेवून नवी नावे शेवटी जोडली, हे यावरून स्पष्ट दिसते. उरलेल्या चार बटणांचे काय? जुने यंत्र आठ उत्तरे ऐकून थांबते. नवव्या उत्तराची त्याला कल्पनाच नाही. ए, एक्स, एल, आर ही बटणे कितीही दाबा, त्यांना कोणी विचारीत नाही.

उलट बाजूने केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. जुना, आठ बटणांचा कंट्रोलर नव्या यंत्राला जोडला तर यंत्र सोळा प्रश्न विचारते. कंट्रोलरजवळ उत्तरे आठच. नवव्या प्रश्नापासून तो काय सांगतो? निन्टेंडोच्या मूळ कंट्रोलरमध्ये चिपची मागची बाजू अशी जोडलेली आहे की, साठा संपल्यावर तारेवर शून्यच येत राहते, आणि आपण पाहिलेच की शून्याचा अर्थ 'दाबले आहे'. म्हणजे ज्या बटणांचे अस्तित्वच नाही ती सगळी दाबलेली आहेत असे तो सांगत सुटतो. शेवटच्या चार राखीव जागांवरून हा कोण पाहुणा आहे हे नव्या यंत्राला ओळखता येते. तरी खेळ लिहिणाऱ्याने त्याची दखल घेतली आहे की नाही, यावर पुढचे अवलंबून. नव्या काळाचे प्रश्न जुन्या संहितेला विचारणाऱ्या आम्हां समीक्षकांनी या वर्तनाचा थोडा विचार करावा. संहिता गप्प आहे की होकार देते आहे, हे ठरवण्यापूर्वी तिच्याजवळ त्या प्रश्नाला जागा तरी होती का, हे पाहावे लागते.

मराठीच्या अभ्यासकाला या पाच तारांच्या जोडणीसाठी नेमका शब्द सापडतो. हे लिप्यंतर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठी मोडीतही लिहिली जात होती आणि बाळबोधातही. मोडीतला कागद बाळबोधात उतरवणारा भाषांतर करीत नाही. तो एकाच भाषेचा पोशाख बदलतो. एनईएस आणि सुपर एनईएस यांचे नाते असेच होते: एक भाषा, दोन लिप्या. आणि आपल्याकडच्या नकली यंत्रांचे अटारीशी असलेले नाते याच्या नेमके उलट, म्हणजे एक लिपी, दोन भाषा. या दोन स्थितींत गल्लत झाली की तारा जळतात किंवा अर्थ जळतो.

खऱ्या अर्थाने भाषांतराची गरज पडली ती १९९६ च्या निन्टेंडो ६४ या यंत्रापासून. इथे तारा तीनच राहिल्या, त्यांतल्या दोन विजेच्या. प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच तारेवरून जाऊ लागले. टिचक्या मारणारी तार गेली, त्यामुळे एक उत्तर कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे केवळ काळाच्या मापावरून ओळखायचे. प्रत्येक अंकाला चार मायक्रोसेकंद. तार एक मायक्रोसेकंद खाली आणि तीन वर असेल तर तो 'एक'. तीन खाली आणि एक वर असेल तर 'शून्य'. आमच्या छंदःशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात लघु-गुरूची आठवण झाली तर नवल नाही. पाचवा ध्वनी कोणता याला इथे महत्त्व नाही. तो किती वेळ रेंगाळला यावर अर्थ ठरतो. असे वृत्त बिनचूक म्हणायचे तर नुसत्या तारा पुरत नाहीत. मध्ये एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे छोटासा संगणकच, बसवावा लागतो. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला एका मायक्रोसेकंदात १६ ठोके मिळतात. त्या १६ ठोक्यांत काय काय करायचे याचा हिशेब अ‍ॅडॅप्टर बनवणारे मात्रा मोजाव्यात तसे मोजीत बसत.

आणि भाषांतर आले की गळतीही आली. सुपर एनईएसचा कंट्रोलर निन्टेंडो ६४ ला जोडणाऱ्यापुढे पहिलाच पेच उभा राहतो तो त्या यंत्राच्या लहानशा दांड्याचा. हा दांडा 'उजवीकडे' एवढेच सांगत नाही. 'किती उजवीकडे' हेही सांगतो. सुपर मारिओ ६४ या खेळात दांडा जरासा कलवला तर मारिओ दबक्या पावलांनी चालतो, पुरता झुकवला तर धावतो. जुन्या कंट्रोलरजवळ 'हो' आणि 'नाही' याखेरीज शब्द नाहीत. मग अ‍ॅडॅप्टर बनवणारा ठरवतो की 'हो' म्हणजे पूर्ण झुकाव. खेळ चालतो, पण दबकी पावले जातात. दुसरा कोणी ठरवतो की अमुक बटण दाबून ठेवले तर अर्धाच झुकाव पाठवायचा. ही तडजोड झाली. ती मूळ कंट्रोलरमध्ये नाही आणि मूळ खेळातही नाही. ती अनुवादकाची आहे. आणखी एक गोष्ट: लिप्यंतराला वेळ लागत नाही, भाषांतराला लागतो. पाच तारांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये संकेत सरळ पार होतो. मायक्रोकंट्रोलर आधी ऐकतो, मग बोलतो. मध्ये जाणारे काही मिलिसेकंद चांगल्या रचनेत जाणवतही नाहीत. पण टीव्हीवरचे एक चित्र जेमतेम १७ मिलिसेकंद टिकते, आणि वाईट रचनेत उडी एका चित्राने चुकली की खेळाडू दरीत पडतो.

या कौशल्याचा प्रसार कसा झाला हेही नोंदवले पाहिजे. १९९० च्या दशकात संगणकाला प्रिंटर जोडण्याचे २५ पिनांचे पॅरलल पोर्ट असे. त्याच्याच पिनांवरून वीज उचलून जुने कंट्रोलर चालवण्याची युक्ती निघाली. लिनक्समधला 'गेमकॉन' हा ड्रायव्हर त्याच काळाची खूण आहे. पुढे पॅरलल पोर्ट नामशेष झाले आणि १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या यूएसबीने त्याची जागा घेतली. यूएसबीशी बोलायला पुन्हा मायक्रोकंट्रोलर हवा. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ येथे सुरू झालेल्या आर्डुइनो या प्रकल्पाने तो शौकिनांच्या आवाक्यात आणला, आणि २०२१ मध्ये चार डॉलरला आलेल्या रास्पबेरी पाय पिको या पाटीने नेमक्या मापाचे संकेत घडवणे अधिकच सोपे केले. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पिनांचा नकाशा काढला आणि तो दुसऱ्यांना फुकट दिला. पोथ्यांच्या नकला करणाऱ्या लेखनिकांप्रमाणे यांतल्या फार थोड्यांची नावे मागे राहिली.

एवढे सगळे कशासाठी, असा प्रश्न इथे रास्त आहे. आमचे उत्तर असे की खेळ ही केवळ पडद्यावरची कृती नाही. तिचा अर्धा भाग हातात असतो. आज जुन्या खेळांचे प्रोग्राम जतन होतात, संगणकावर चालवताही येतात. परंतु डाव्या अंगठ्याखालची दिशांची फुली (गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये आणलेली), उजव्या अंगठ्याखालची दोन बटणे आणि त्यांच्यामधले अंतर गृहीत धरून ते खेळ रचले गेले होते. कीबोर्डवर ते चालतात, पण पाठ बदलतो. जात्यावरच्या ओव्यांचे संग्रह छापले गेले याबद्दल आपण संग्राहकांचे ऋणी आहोत. तरी छापील ओवीत जात्याचा खुंटा आणि हाताचा फेरा उतरत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. घरगुती अ‍ॅडॅप्टर हा तो फेरा राखण्याचा एक प्रयत्न आहे.

आणि हात सर्वांचे सारखे नसतात. निन्टेंडोने १९८९ मध्ये हातांचा वापर करता न येणाऱ्यांसाठी एक कंट्रोलर काढला होता. त्यात दिशा तोंडाने दांडी हलवून आणि ए व बी ही बटणे नळीतून श्वास ओढून वा सोडून चालवता येत. पण असे कंट्रोलर विरळ. बहुतेकांना आपली सोय आपणच करावी लागली. नादुरुस्त कंट्रोलरची आतली पाटी काढायची, तिच्या प्रत्येक बटणाला समांतर तारा जोडायच्या आणि त्या तारा पायाखाली, कोपराशी, हनुवटीशी, जिथे शक्ती आहे तिथे ठेवलेल्या मोठ्या बटणांपर्यंत न्यायच्या. यंत्राला फरक कळत नाही. त्याला हजेरी मिळाली म्हणजे झाले, ती अंगठ्याने दिली की हनुवटीने हे तो विचारीत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलरला अशी बाहेरची बटणे जोडण्यासाठी साध्या ३.५ मिलिमीटरच्या १९ जागा आहेत. घरगुती कारागिरांनी जे वर्षानुवर्षे केले, त्याला कारखान्याने दिलेली ती मान्यता होती.

परंतु यंत्राने 'तू कोण' असे विचारायला सुरुवात केली की हे सगळे संकटात येते. १९८५ च्या एनईएसमध्ये कुलूप होते ते खेळाच्या कार्ट्रिजला. कंट्रोलरचा दरवाजा उघडाच होता. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० पासून कंट्रोलरलाही आपली ओळख पटवावी लागू लागली. २०१३ चा प्लेस्टेशन ४ अनोळखी कंट्रोलरशी थोडा वेळ बोलून मग संबंध तोडतो. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर त्याच कंपनीचा आधीचा कंट्रोलर जुन्या खेळांपुरता चालतो, नव्या खेळांना चालत नाही. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात, ज्या मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी ते १९ दरवाजे उघडले होते, तिनेच एक्सबॉक्सवर अनधिकृत उपकरणे बंद केली. फसवणूक करणाऱ्या उपकरणांचा बंदोबस्त हे त्यामागचे समर्थन अगदीच निराधार नाही. परंतु त्याच झाडूने बाहेर गेलेल्यांत स्वतःच्या हाताजोगा कंट्रोलर वापरणारे अपंग खेळाडूही असू शकतात, ही चिंता तेव्हाच व्यक्त झाली होती. १९९२ मध्ये सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने, दुसऱ्याच्या यंत्राशी जुळणारी वस्तू बनवण्यासाठी त्याचा प्रोग्राम उलगडून पाहणे रास्त ठरवले होते. समजून घेण्याचा हक्क त्या निकालाने मान्य केला. समजून घेतल्यावर बोलू देण्याची सक्ती मात्र यंत्रावर कोणी केलेली नाही.

आमच्या दृष्टीने या इतिहासाचा कळीचा मुद्दा हाच आहे. ४०२१ ही चिप उदार होती असे कोणी म्हणणार नाही. ती स्वस्त होती आणि तारा वाचवीत होती, एवढेच. पण तिची भाषा साधी आणि उघडी होती. त्यामुळे ज्याला ऐकायचे त्याला ती ऐकता आली, ज्याला बोलायचे त्याला बोलता आली, आणि काही वर्षांनी दुसऱ्या आकाराचे सॉकेट घेऊन आलेल्या कंट्रोलरलाही ती परकी वाटली नाही. भाषा टिकतात त्या बोलणाऱ्यांमुळे, हे आपण वर्गात नेहमी शिकवतो. अनोळखी माणसाने तोंड उघडताच ओळखपत्र मागणाऱ्या भाषेला नवे बोलणारे मिळणे कठीण, हेही त्यासोबत शिकवायला हवे. पाच तारांचा तो टेपमध्ये गुंडाळलेला तुकडा वर्गात दाखवायला आणला, तर दोन्ही धडे एकाच तासात होतील.